संगणक-शंका : अपरिवर्तनीय प्रणाली घरच्या वापरात

गेल्या अंकात जुन्या लॅपटॉपचा विषय निघाला, तेव्हा फेडोरा सिल्व्हरब्लू या लिनक्सच्या (विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीच्या) प्रकाराचा मी दोन ओळींत उल्लेख केला होता आणि सर्वाधिक पत्रे त्या दोन ओळींवरच आली. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा त्या पत्रांना देत आहे. नेहमीप्रमाणे आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप कराव्यात.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे आणि विंडोज ११ त्यावर चालणार नाही असे दुकानदार सांगतो. पुण्याचा भाचा म्हणतो की सिल्व्हरब्लू टाक, ती ‘इम्युटेबल’ असते, बिघडतच नाही. जी प्रणाली बदलताच येत नाही तिच्यावर मी पत्रे लिहून ठेवायची तरी कुठे? — निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत, त्यामुळे दुकानदाराचे म्हणणे बरोबर असावे. भाच्याचेही बरेचसे बरोबर आहे. फक्त ‘बिघडतच नाही’ हे शब्द मी वापरले नसते.

‘इम्युटेबल’, म्हणजे अपरिवर्तनीय, याचा अर्थ सगळा संगणक गोठलेला असा नव्हे. लिनक्समध्ये प्रणालीच्या मूळ फायली ‘यूएसआर’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात आणि सिल्व्हरब्लूमध्ये हे एक फोल्डर केवळ वाचण्यापुरते उघडे ठेवलेले असते. आपली पत्रे, छायाचित्रे आणि हिशेब ‘होम’ फोल्डरमध्ये जातात, तिथे लिहायला कोणतीही आडकाठी नाही. प्रणालीच्या सेटिंग्ज ज्या ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये राहतात, तेही बदलता येते. म्हणूनच फेडोराने २०२४ मध्ये सिल्व्हरब्लू आणि तिच्या भावंडांच्या कुटुंबाला ‘ॲटॉमिक डेस्कटॉप’ हे नाव दिले, आणि मला ते अधिक प्रामाणिक वाटते. ॲटॉमिक याचा इथला अर्थ इतकाच, की बदल होईल तर पूर्ण होईल, नाहीतर मुळीच होणार नाही.

असली व्यवस्था आपण रोज हाताळत असता. आपल्या अँड्रॉइड फोनवर आपण ॲप टाकता, काढता, शेकडो छायाचित्रे साठवता. पण फोनची मूळ प्रणाली ज्या विभागात असते तिथे आपल्याला किंवा ॲपला काही लिहिता येत नाही. क्रोमबुकही असेच चालते. ॲपलने २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून मॅकची प्रणाली वाचनापुरत्या वेगळ्या खंडात ठेवली आहे. लिनक्सच्या डेस्कटॉपवर हा विचार सर्वसामान्यांपर्यंत पोचायला थोडा उशीर लागला. सिल्व्हरब्लू हे नाव २०१८ सालचे.

याचा उपयोग कुठे होतो, ते माझ्याच घरच्या एका प्रसंगाने सांगतो. मागच्या पावसाळ्यात अपडेट चालू असताना वीज गेली. त्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच निकामी झालेली असल्यामुळे पडदा जागच्या जागी काळा झाला. साध्या लिनक्सवर त्या क्षणी चारशे पॅकेजांपैकी (म्हणजे प्रणालीच्या सुट्या भागांपैकी) दीडशे नवी आणि उरलेली जुनी अशी अवस्था झाली असती, आणि पुढची संध्याकाळ ती निस्तरण्यात गेली असती. वीस मिनिटांनी वीज आली तेव्हा लॅपटॉप जुन्याच प्रणालीवर मुकाट्याने सुरू झाला. मी पुन्हा अपडेटचे बटण दाबले आणि चहा टाकायला गेलो. असे होते, कारण सिल्व्हरब्लू चालू प्रणालीला हात न लावता तिच्या शेजारी नवी प्रणाली रचते आणि ती पूर्ण झाल्यावरच, पुढच्या वेळी संगणक सुरू करताना, तिच्यावर उडी घेते. दोन्हींत ज्या फायली सारख्याच असतात त्या डिस्कवर एकदाच साठवल्या जातात, त्यामुळे जागा दुप्पट लागत नाही. हे काम करणाऱ्या व्यवस्थेचे नाव ओएसट्री.

जुनी प्रणाली लगेच पुसली जात नाही, हा दुसरा लाभ. अपडेटनंतर समजा वायफाय चालेनासे झाले, तर संगणक पुन्हा सुरू करताना येणाऱ्या यादीत (ती आली नाही, तर सुरुवातीलाच एस्केप कळ दाबावी) वरून दुसरी ओळ निवडायची की कालची प्रणाली समोर येते. तीच कायम ठेवायची असेल तर ‘आरपीएम-ओएसट्री रोलबॅक’ ही आज्ञा द्यावी.

मात्र इथे एक गैरसमज वारंवार होतो. मागे जाते ती प्रणाली. आपले ‘होम’ फोल्डर मागे जात नाही. आपण चुकून पुसलेले पत्र रोलबॅकने परत येणार नाही आणि डिस्कच बिघडली तर दोन्ही प्रणाली एकदमच जातील. प्रणाली वाचनापुरती आहे म्हणून फसव्या ईमेलमधून आलेला कार्यक्रम आपल्या कागदपत्रांना हात लावू शकणार नाही, असेही नाही. तेव्हा एक बाह्य हार्ड डिस्क घेऊन तिच्यावर पिका बॅकअपसारख्या साधनाने दर आठवड्याला प्रत घ्यावीच.

भाच्याला एक निरोप द्यावा. सिल्व्हरब्लूची प्रत पेनड्राइव्हवरून सुरू केली की ती न बसवता वापरून पाहण्याची सोय देत नाही, थेट बसवण्याच्याच कामाला लागते. म्हणून त्याने आधी फेडोरा वर्कस्टेशनची, म्हणजे नेहमीच्या साध्या फेडोराची, प्रत पेनड्राइव्हवरून नुसती चालवून वायफाय, आवाज, कॅमेरा आणि झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपतो की नाही हे तपासावे. दोन्हींचा गाभा एकच असल्यामुळे तिथे जे चालेल ते इथेही चालेल. आणि विंडोज पुसण्याआधी आपल्या फायलींची प्रत कुठे घेतली आहे, ते त्याला आपल्यासमोर उघडून दाखवायला सांगावे. भाचे मंडळी या टप्प्यावर घाईत असतात.

प्रश्न : आमचा लग्नपत्रिका आणि हँडबिलांचा व्यवसाय आहे. मराठी मजकूर श्रीलिपीत होतो. अपरिवर्तनीय लिनक्सवर मराठी टायपिंग आणि फॉन्ट यांचे काय? — कोल्हापूर

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न आहेत. युनिकोड मराठीची, म्हणजे फोनवर आणि संकेतस्थळांवर दिसते त्या मराठीची, काहीच अडचण नाही. सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट प्रणालीसोबतच येते, वेगळे काही बसवावे लागत नाही. उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांसाठी कगप नावाचा मराठी पर्यायही त्याच यादीत आहे. फॉन्ट प्रणालीच्या फोल्डरमध्ये टाकता येत नाहीत, हे ऐकून आपण दचकला असाल. पण ते होम फोल्डरमधल्या ‘डॉट लोकल’, त्यात ‘शेअर’, त्यात ‘फॉन्ट्स’ या जागी ठेवले की पुरते. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता मी असाच ठेवला आहे आणि फ्लॅटपॅकने (मूळ प्रणालीला हात न लावता ॲप बसवण्याच्या पद्धतीने) बसवलेल्या लिब्रेऑफिसलाही तो दिसतो.

आपला व्यवसाय मात्र युनिकोडवर चालत नाही. आपल्याकडची गेल्या पंधरा-वीस वर्षांतली पत्रिकांची पाने जुन्या फॉन्टच्या सांकेतिकीत असणार, ती विंडोजवरच्या पेजमेकर किंवा कोरल ड्रॉमध्ये उघडणार, आणि लग्नसराईत गिऱ्हाईक दारात उभे असताना त्यांतले एक अक्षर हलले तरी पंचाईत. त्या यंत्राला हात लावू नये, असेच मी सांगेन. घरी दुसरा संगणक असेल तर त्याच्यावर खुशाल प्रयोग करावा.

प्रश्न : प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवला, पण बसवताना ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टम’ असा संदेश येऊन सगळे थांबते. ॲडमिनचा पासवर्ड देऊनही तेच. आमचे झेरॉक्सचे दुकान आहे, प्रिंटर चालला नाही तर काय उपयोग? — रत्नागिरी

उत्तर : तो संदेश म्हणजे बिघाड नव्हे, ड्रायव्हरचा कार्यक्रम ‘यूएसआर’मध्ये फाइल टाकू पाहतो आणि प्रणाली त्याला दारातच अडवते. इथे पासवर्डाचा प्रश्नच येत नाही, कारण त्या फोल्डरमध्ये नेहमीच्या मार्गाने लिहिण्याची मुभा प्रशासकालाही नसते.

नवा प्रिंटर असेल, विशेषतः वायफायवर चालणारा आणि एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर हे शब्द खोक्यावर छापलेला, तर ड्रायव्हर लागतच नाही; सेटिंग्जमध्ये प्रिंटर आपोआप उमटतो. अडतात ते जुने, स्वस्त लेसर प्रिंटर, ज्यांच्यात स्वतःची बुद्धी जवळजवळ नसते आणि पान रचण्याचे सगळे काम संगणकाने करून द्यावे लागते. त्यांच्यासाठी लागणारे पॅकेज फेडोराच्या भांडारात किंवा आरपीएम या फेडोराच्या पॅकेज-स्वरूपात मिळत असेल तर ‘आरपीएम-ओएसट्री इन्स्टॉल’ आणि पुढे पॅकेजचे नाव, अशी आज्ञा देऊन ते मूळ प्रणालीवर थर म्हणून चढवता येते आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर वापरता येते. याला लेअरिंग म्हणतात. एखाद-दुसरा थर चालतो, पण प्रत्येक अपडेटच्या वेळी हे थर नव्याने चढवावे लागत असल्यामुळे अपडेट रेंगाळते आणि एखादे पॅकेज नव्या आवृत्तीशी जुळले नाही तर अपडेट अडूनच बसते. मी माझ्यापुरती मर्यादा तीन पॅकेजांची ठेवली आहे. पंचवीस-तीस थर चढवून मग तक्रार करणाऱ्यांनी सरळ साधे फेडोरा वर्कस्टेशन घ्यावे.

कंपनीकडे केवळ स्वतःची स्क्रिप्ट असेल, आरपीएम नसेल, तर थराचा मार्गही बंद होतो. माझ्याकडच्या पंधरा वर्षांच्या लेसर प्रिंटरशी मी दोन रविवार झगडलो आणि शेवटी तो माळ्यावर पडून असलेल्या एका रास्पबेरी पायला जोडला. त्या हातभर केबल लावलेल्या, काड्यापेटीहून थोड्या मोठ्या पाटीवर साधे लिनक्स आहे, तिथे ड्रायव्हर विनातक्रार बसला आणि कप्स या मुद्रण व्यवस्थेने तो प्रिंटर घरच्या वायफायवर सर्वांना खुला केला. आता सिल्व्हरब्लूला तो ड्रायव्हरविना चालणारा प्रिंटर म्हणूनच दिसतो. मात्र दुकानात गिऱ्हाइकांची रांग लागते तिथे असली जुळवाजुळव मी सुचवणार नाही. आपण प्रिंटर आधी तपासावा, प्रणाली नंतर निवडावी.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘सुडो डीएनएफ इन्स्टॉल’ चालत नाही, मग जीसीसी कंपायलर, पायथनची पॅकेजेस, डेटाबेस हे सगळे कुठे बसवायचे? शिवाय ईएसपी-३२ या मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डवर कोड चढवताना परवानगी नाही असा संदेश येतो. — नांदेड

उत्तर : विकासकामाची हत्यारे मूळ प्रणालीत बसवायची सवय मोडणे हाच यातला अवघड भाग आहे, तंत्र सोपे आहे. सिल्व्हरब्लूसोबत टूलबॉक्स नावाचे साधन येते. ‘टूलबॉक्स क्रिएट’ अशी आज्ञा दिली की पॉडमन या साधनाच्या साह्याने फेडोराचा एक कंटेनर (स्वतःची पॅकेजेस असलेला वेगळा कप्पा) तयार होतो आणि ‘टूलबॉक्स एंटर’ म्हटले की टर्मिनल त्याच्या आत जाते. आत आपले नेहमीचे ‘सुडो डीएनएफ इन्स्टॉल जीसीसी’ बिनबोभाट चालते. उबुंटूच हवे असेल तर डिस्ट्रोबॉक्स वापरावा. त्यात उबुंटू, डेबियन, आर्च यांपैकी हवा तो कंटेनर उभा करता येतो. प्रत्येक विषयाला वेगळा कंटेनर ठेवला तर एका प्रकल्पातली पायथनची आवृत्ती दुसऱ्याच्या पायात येत नाही आणि सत्र संपल्यावर तो कंटेनर पुसला की त्यात बसवलेले सगळे जाते, मूळ प्रणालीवर ओरखडाही उठत नाही.

हे कंटेनर म्हणजे तुरुंग मात्र नव्हेत. त्यांना आपले होम फोल्डर पूर्ण दिसते, त्यामुळे आत दिलेली ‘आरएम’ची चुकीची आज्ञा बाहेरच्या फायलीही पुसून टाकते. माझ्या माहितीतल्या एका विद्यार्थ्याने, कंटेनरमध्येच आहे ना, असे म्हणत होम रिकामे केले आहे. दुसरी ठेच लागते ती कोड लिहिण्याच्या संपादकाची: व्हीएस कोड फ्लॅटपॅकमधून घेतला तर तो स्वतःच्या चौकटीत राहतो आणि त्याच्या टर्मिनलला जीसीसी सापडत नाही. तो डिस्ट्रोबॉक्सच्या आत बसवून बाहेरच्या मेनूत काढणे (त्यासाठी ‘डिस्ट्रोबॉक्स-एक्स्पोर्ट’ ही आज्ञा आहे) मला जास्त सोयीचे वाटले.

आता बोर्ड. यूएसबीवरच्या सिरियल पोर्टला हात लावण्यासाठी आपले नाव ‘डायलआउट’ गटात असावे लागते, आणि इथे सिल्व्हरब्लूची एक जुनी खोड आड येते. बऱ्याच गटांची नोंद ‘यूएसआर’मधल्या ‘लिब’ फोल्डरातल्या ‘ग्रुप’ फाइलमध्ये असते. ‘यूजरमॉड’ ही आज्ञा मात्र ‘ईटीसी’मधल्या ‘ग्रुप’ फाइलमध्ये बदल करते आणि तिथे त्या गटाची ओळच नसेल तर आपले नाव जोडले जात नाही. उपाय असा की पहिल्या फाइलमधली ‘डायलआउट’ने सुरू होणारी ओळ उचलून दुसऱ्या फाइलच्या शेवटी जोडावी, मग ‘सुडो यूजरमॉड’ ची आज्ञा पुन्हा द्यावी आणि लॉगआउट करून परत यावे. दुसऱ्या फाइलमध्ये लिहिताना वापरायच्या टी (रोमनमध्ये tee) या आज्ञेला ‘वजा ए’ हा पर्याय द्यायला विसरू नये, नाहीतर जोडण्याऐवजी सगळी फाइलच नव्याने लिहिली जाईल. तसे झालेच तर मूळ ‘ईटीसी’ची प्रत ‘यूएसआर’मधल्या ‘ईटीसी’ फोल्डरात असते, तिच्याशी ताडून पाहता येते; पण ती वेळ येऊ देऊ नये.

प्रश्न : मी करसल्लागार आहे. डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन यावर चालेल का? — सांगली

उत्तर : आपल्यासाठी माझे उत्तर नाही असे आहे. टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळाला तरी तो थर म्हणून चढवावा लागणार, फ्लॅटपॅकमधल्या ब्राउझरला टोकनपर्यंत पोचण्याची परवानगी वेगळी द्यावी लागणार आणि स्वाक्षरीचा सहायक कार्यक्रम त्या दोघांशी जुळवावा लागणार. विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी रात्री अकरा वाजता यातले काय अडेल याचा भरवसा देता येत नाही. त्या कामाला आधार चालू असलेले विंडोजचे एक यंत्र ठेवावे.

प्रश्न : आई-वडील नाशिकला, मी डब्लिनला. दर सुट्टीत त्यांचा संगणक साफ करण्यात दोन दिवस जातात. त्यांना अपरिवर्तनीय प्रणाली द्यावी म्हणतो. पण सिल्व्हरब्लू, किनोआइट, ब्लूफिन, ऑरोरा, एऑन यांतली कोणती? — डब्लिन, आयर्लंड

उत्तर : खरे तर ही प्रणाली आपल्यासाठीच आहे, असे मला हे पत्र वाचून वाटले. ब्राउझर, व्हिडिओ कॉल, बँकेचे संकेतस्थळ, फोटो आणि अधूनमधून एखादे पत्र एवढाच ज्यांचा वापर आहे, त्यांना प्रणाली बंद आहे की उघडी हे कधी कळतही नाही.

सिल्व्हरब्लूचा पडदा, म्हणजे डेस्कटॉपची मांडणी, ग्नोमचा, तर किनोआइटचा केडीई प्लाझ्माचा. वडिलांना विंडोजसारखा खालचा पट्टा आणि कोपऱ्यातला मेनू हवा असेल तर प्लाझ्मा बरा. ब्लूफिन आणि ऑरोरा हे युनिव्हर्सल ब्लू या प्रकल्पाने फेडोराच्याच पायावर रचलेले अनुक्रमे ग्नोम व प्लाझ्माचे अवतार आहेत. फेडोरा पेटंटच्या कारणाने व्हिडिओचे काही कोडेक (व्हिडिओ उलगडून दाखवणारे भाग) सोबत देत नाही; ते या दोहोंत आधीच घातलेले असतात, ॲपसाठी फ्लॅटहबचे भांडार जोडलेले असते आणि अपडेट कोणी बटण न दाबता होतात. म्हणून आपल्या कामाला मी ऑरोरा सुचवतो. एऑन ओपनसूसेची आहे आणि बटरएफएस या फाइल-व्यवस्थेच्या स्नॅपशॉटवर चालते. ती चांगली आहे, पण मी रोजच्या वापरात ठेवलेली नाही, म्हणून तिच्याविषयी अधिक लिहीत नाही. जुना संगणक असेल तर एसएसडी बसवावी आणि रॅम किमान ८ जीबी करावी, कारण फ्लॅटपॅकचे पहिले दोन-तीन ॲप स्वतःसोबत सामायिक रनटाइमचे (ॲपना लागणाऱ्या समाईक फायलींचे) बरेच वजन घेऊन येतात. पुढची ॲप तेच रनटाइम वापरतात.

सगळे नीट बसल्यावर ‘सुडो ओएसट्री ॲडमिन पिन शून्य’ ही आज्ञा द्यावी (शून्य अंकात लिहावे). एरवी प्रणाली आताची आणि आधीची अशा दोनच अवस्था ठेवते, आणि आई-वडील तीन अपडेट होईपर्यंत काही सांगत नाहीत असा माझा अनुभव आहे. पिन केलेली अवस्था मात्र आपण मोकळी करेपर्यंत यादीत राहते. फेडोराची आवृत्ती सुमारे सहा महिन्यांनी येते आणि तिला साधारण तेरा महिने आधार असतो, तेव्हा वर्षभराने ती पिन काढून नव्या अवस्थेला लावावी.

संगणक सुरूच होत नसेल तर कोणती कळ दाबायची आणि यादीतली कितवी ओळ निवडायची, हे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवावे. दूरवरून मदतीसाठी रस्टडेस्क फ्लॅटहबवर मिळते. पण वेलँड या पडदा रंगवणाऱ्या व्यवस्थेमुळे पडदा दाखवण्याची परवानगी मागणारी एक खिडकी नाशिकच्या पडद्यावर उघडते आणि तिच्यावरचे बटण तिथल्याच माणसाने दाबावे लागते. ती खिडकी कशी दिसते, हे आईला एकदा दाखवून ठेवावे, आणि आपण शेजारच्या खोलीत बसून, फोनवर बोलत, हा सगळा प्रकार तिच्याकडून दोनदा करून घ्यावा. ही तालीम बॅगा भरण्याच्या आदल्या रात्री नव्हे, सुट्टीच्या पहिल्या आठवड्यातच उरकावी.